३८१६५४७२९ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाला पंचमंडळाचा काळा फळा आहे. कोण वारलं, रक्षाविसर्जन किती वाजता, नळाला पाणी कधी, एवढाच मजकूर त्यावर असतो. गेल्या गणपतीत एका सकाळी फळा कोरा दिसला आणि माझा हात शिवशिवला. मी खडूने ३८१६५४७२९ लिहिलं, खाली 'यात विशेष काय?' असं लिहिलं आणि दूध घेऊन घरी आलो. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत आयुष्यभर गणित शिकवलं, त्यामुळे ही खोड जात नाही.

त्या दिवसापासून रस्त्यात, पानाच्या गादीवर, लग्नाच्या पंगतीत लोक थांबवून विचारतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

काय ओ सर, हा कुणाचा नंबर?

कुणाचाच नाही. आकडे नऊच आहेत, मोबाइलला दहा लागतात. दोघांनी शेवटी एक-एक आकडा घालून फोन लावून बघितला, असं मला नंतर कळलं. लागणार कसा? आपल्याकडचे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, ३ ने नाही.

मग विशेष ते काय?

पहिलं विशेष डोळ्यांना दिसतं. १ ते ९ हे सगळे आकडे आहेत, प्रत्येक एकदाच. पण तेवढ्याने काही होत नाही. १ ते ९ आकडे उलटसुलट मांडून ३,६२,८८० संख्या तयार होतात, ही त्यातली एक.

दुसरं विशेष बघायला एक पोस्टकार्ड घ्या. संख्या पूर्ण झाका आणि कार्ड उजवीकडे एकेक घर सरकवत जा. एक आकडा दिसला की १ ने भागा, दोन दिसले की २ ने, तीन दिसले की ३ ने. असं नऊपर्यंत.

३ ÷ १ = ३
३८ ÷ २ = १९
३८१ ÷ ३ = १२७
३८१६ ÷ ४ = ९५४
३८१६५ ÷ ५ = ७६३३
३८१६५४ ÷ ६ = ६३६०९
३८१६५४७ ÷ ७ = ५४५२२१
३८१६५४७२ ÷ ८ = ४७७०६८४
३८१६५४७२९ ÷ ९ = ४२४०६०८१

बाकी कुठेच उरत नाही. आणि १ ते ९ आकडे एकेकदा वापरून हे जमवणारी संख्या ही एकटीच. ३,६२,८८० जणांच्या रांगेतून एकच पास.

ही वाचायची कशी?

अडतीस कोटी सोळा लाख चोपन्न हजार सातशे एकोणतीस.

हा प्रश्न मुलांपेक्षा त्यांच्या आयाच जास्त विचारतात. कोटीच्या पुढे गेलं की आपली जीभ अडखळते. आमच्या शेजारच्या कन्नड घरातली मुलगी मात्र एका दमात म्हणाली, 'मूवत्तेंटु कोटी हदिनारु लक्ष ऐवत्तनाल्कु साविरद एळुनूर इप्पत्तोंबत्तु.' तिचं बरोबरच होतं, आणि ती अडखळली का नाही तेही उघड आहे. कन्नडमध्ये मूवत्तु म्हणजे तीस, एंटु म्हणजे आठ, की झालं अडतीस. इप्पत्तु म्हणजे वीस, ओंबत्तु म्हणजे नऊ, की झालं एकोणतीस. आपण मात्र एकोणतीस म्हणताना तिसातून एक वजा करतो. लिहायचा आकडा २, तोंडात शब्द तिसाचा! दुसरी-तिसरीतली मुलं एकोणतीस ऐकून ३९ लिहितात, त्यात त्यांची काय चूक?

२०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसला 'वीस सात' अशा वाचनाची पद्धत आली तेव्हा तिकडे केवढा गदारोळ उठला. मला त्या वेळी हसू येत होतं. आमच्या भागातली मुलं सकाळी मराठी शाळेत 'एकोणतीस' म्हणतात आणि संध्याकाळी दुकानात 'इप्पत्तोंबत्तु' म्हणून सुटे पैसे मोजून घेतात. दोन्ही डोक्यात नांदतात, भांडण होत नाही. तरी मला विचाराल तर शिकवायला कन्नड पद्धत सोपी आहे, हे मान्य करायला हरकत नाही. ऐकायला मात्र आपलं एकोणतीसच गोड.

एकच आहे हे कशावरून? कॉम्प्युटरनं शोधली असेल की.

कॉम्प्युटरला सांगितलं तर तो क्षणात शोधेल, होय. पण त्याची गरज नाही. सातवीतल्या भाज्यतेच्या कसोट्या आणि एक कागद पुरतो. हा सगळ्यात लांब प्रश्न आहे. घाई असेल तर पुढच्या प्रश्नावर जा, पण खरी चव इथंच आहे.

नऊ घरं आखा.

पाचवं घर आधी भरतं. पहिल्या पाच आकड्यांना ५ ने भाग जायचा तर शेवटी ० किंवा ५ हवा. ० आपल्याकडे नाही. म्हणून पाचव्या घरात ५.

आता दुसरं, चौथं, सहावं, आठवं घर बघा. तिथं तोडल्यावर अनुक्रमे २, ४, ६, ८ ने भाग जायचा आहे, म्हणजे तिथले आकडे सम हवेत. सम आकडे चारच आहेत, घरंही चारच. हिशेब मिटला. उरलेल्या पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, नवव्या घरांत १, ३, ७, ९ हे विषम.

चौथं घर. ४ ची कसोटी शेवटच्या दोन आकड्यांवर चालते. तिसऱ्या घरात विषम आकडा आहे. दशकस्थानी १, ३, ७, ९ असलेल्या चारच्या पटी आठवा : १२, १६, ३२, ३६, ७२, ७६, ९२, ९६. सगळ्यांच्या शेवटी २ किंवा ६. म्हणून चौथ्या घरात २ किंवा ६ च.

आठवं घर. ८ ची कसोटी शेवटच्या तीन आकड्यांची. पण सहाव्या घरात सम आकडा आहे, म्हणजे शतकं २००, ४००, ६०० किंवा ८००, आणि या सगळ्यांना ८ ने आपोआप भाग जातो. उरले शेवटचे दोन. त्यांत दशक विषम, आणि ५ आधीच खर्ची पडलेला. राहिले १६, ३२, ७२, ९६. पुन्हा शेवटी २ किंवा ६.

चौथ्या आणि आठव्या घरात २ आणि ६ बसले, म्हणजे दुसऱ्या आणि सहाव्या घरात ४ आणि ८ आले.

इथून ३ ची कसोटी. पहिल्या तीन आकड्यांची बेरीज ३ च्या पटीत हवी. पहिल्या सहांचीही हवी. म्हणजे मधल्या तिघांची, चौथ्या-पाचव्या-सहाव्याची, बेरीजही ३ च्या पटीत हवी. मधे ५, डावीकडे २ किंवा ६, उजवीकडे ४ किंवा ८. चारच जोड्या करून बघायच्या आहेत. २५४ ची बेरीज ११, गेली. ६५८ ची १९, गेली. २५८ आणि ६५४ दोन्हींची १५. या दोनच राहतात.

मधे २५८ असेल तर दुसऱ्या घरात ४ आणि आठव्यात ६. पहिला, तिसरा आणि ४ मिळून ३ ची पट हवी. १, ३, ७, ९ मधून अशी जोडी एकच सापडते, १ आणि ७. उरले ३ आणि ९. सातव्या-आठव्या घरात १६ किंवा ९६ हवं होतं, १ गेलेला, म्हणून सातव्यात ९ आणि शेवटी ३. दोन उमेदवार मिळाले.

मधे ६५४ असेल तर दुसऱ्या घरात ८, आठव्यात २, सातव्यात ३ किंवा ७. पहिला, तिसरा आणि ८ मिळून ३ ची पट व्हायला एक आकडा १-७ या जोडीतला आणि एक ३-९ या जोडीतला लागतो. सावकाश मांडलं की आठ उमेदवार मिळतात.

९ ची कसोटी फुकट आहे. १ ते ९ ची बेरीज ४५, ती कशीही मांडली तरी ४५ च.

तर ३,६२,८८० मधून दहा राहिले. आता फक्त ७ ची परीक्षा बाकी. प्रत्येकाचे पहिले सात आकडे घेऊन ७ ने भागलं, तर उरणारी बाकी अशी :

१४७२५८९६३ : बाकी ६
७४१२५८९६३ : बाकी २
१८९६५४३२७ : बाकी ५
९८१६५४३२७ : बाकी २
७८९६५४३२१ : बाकी ४
९८७६५४३२१ : बाकी ५
१८३६५४७२९ : बाकी ६
३८१६५४७२९ : बाकी ०
१८९६५४७२३ : बाकी २
९८१६५४७२३ : बाकी ६

दहांतला एक पास, तोही ७ मुळे. बाकीच्या नऊ जणांनी सगळे विषय काढले आणि एकाच पेपरात राहिले.

मला या यादीचं राहून राहून आश्चर्य वाटतं. ५ ने, ४ ने, ८ ने, ३ ने माणसं कमी केली ती नियमाने, कारण सांगून. ७ ने मात्र कारण सांगितलं नाही. दहापैकी दोघं पास झाले असते, किंवा एकही नाही, तरी तक्रार करायला जागा नव्हती.

९८७६५४३२१ यादीत आहे की! ती का नापास?

हे विचारणारा आठवीतला पोरगा होता आणि त्याला मी तिथल्या तिथं पेन दिलं. होय, सरळ उतरती मांडणी सातवा टप्पा सोडून सगळीकडे पास होते. ९८७ ला ३ ने भाग जातो, ९८७६ ला ४ ने, ९८७६५४ ला ६ ने. आठव्या टप्प्यावर तर बघा काय होतं : ९८७६५४३२ ÷ ८ = १२३४५६७९. उतरत्या आकड्यांना भागलं आणि चढते आकडे आले, फक्त ८ गायब. इतकी देखणी संख्या, आणि ९८७६५४३ ला ७ ने भागलं की ५ उरतात.

मोबाइलच्या बटणांचं काय म्हणत होता?

यादीतले पहिले दोन उमेदवार मोबाइलच्या बटणांवर बोटाने फिरवून बघा. १४७ म्हणजे डावा रकाना वरून खाली, २५८ म्हणजे मधला वरून खाली, ९६३ म्हणजे उजवा खालून वर. दुसऱ्यात ७४१ खालून वर, २५८ वरून खाली, ९६३ पुन्हा वर. शेतात नांगर वळवतात तसं बोट एकदाही न उचलता नऊ बटणं होतात. या दोन्ही संख्या ७ सोडून सगळ्यांना पुरून उरतात हे बटणांची रचना करणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल.

७ ला सोपी कसोटी नाही का?

आहे, पण शाळेत तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. माझी आवडती अशी : उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट पाडायचे आणि एकाआड एक वजा-अधिक करायचे. ३८१६५४७ चे गट ३, ८१६, ५४७. मग ५४७ − ८१६ + ३ = −२६६. आणि २६६ म्हणजे ७ × ३८. भाग गेला.

हे का चालतं? १००१ = ७ × ११ × १३, म्हणून. हजाराचा गट सरकला की ७ च्या दृष्टीने फक्त चिन्ह बदलतं. याच कसोटीने ११ आणि १३ ही तपासता येतात.

शेवटी शून्य लावलं तर?

३८१६५४७२९०. दहा आकडे, १० ने भाग जातो, आणि आता ० ते ९ सगळे आकडे एकेकदा आले. तीन अब्ज एक्याऐंशी कोटी पासष्ट लाख सत्तेचाळीस हजार दोनशे नव्वद. दहा आकड्यांतही अशी ही एकटीच, कारण दहाव्या घरात ० च लागतो, आणि तो तिथं बसला की मागे आपलंच नऊ घरांचं कोडं उरतं.

आमच्या पिनकोडला, गाडीच्या नंबराला जमतं का?

बेळगाव जिल्ह्याच्या पिनकोडची बातमी वाईट आहे. बेळगाव ५९०००१, निपाणी ५९१२३७, खानापूर ५९१३०२. सगळे ५९ ने सुरू होतात, आणि ५९ विषम. दुसऱ्याच पायरीवर पाय घसरला. पलीकडे कोल्हापूर-चंदगडकडचे ४१६ ने सुरू होतात, ४१ ही विषम. सीमेच्या दोन्ही बाजूंना निकाल सारखाच लागला, असं फार क्वचित होतं.

गाडीच्या चार आकड्यांना मात्र संधी आहे. १००० ते ९९९९ या ९००० संख्यांत ३७५ जमतात, म्हणजे चोविसांत एक. केए-२२ असो की केए-२३, चौकात उभं राहून दहा मिनिटं गाड्या मोजल्या तर एखादी दिसायला हरकत नाही. ३८१६ ही त्यातलीच.

आकडे पुन्हा वापरायची मुभा दिली तर किती लांब जाता येतं?

पंचवीस आकड्यांपर्यंत. ती शेवटची संख्या ही :

३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५

हिचे पहिले दोन आकडे २ ने, पहिले अकरा ११ ने, पहिले चोवीस २४ ने, आणि पूर्ण संख्या २५ ने भागली जाते. सव्विसावा आकडा कुठलाही जोडा, २६ ने भाग जात नाही. पंचवीस आकड्यांची दुसरी संख्याही नाही. इथं रस्ता संपतो.

ही वाचून दाखवा म्हणणाऱ्यांना एक सांगतो. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (११५०) एक, दश, शत पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. ही संख्या परार्धाच्याही सात घरं पुढे जाते. वाचायला नावच उरत नाही.

१ आकडी संख्यांपासून या पंचवीस आकडीपर्यंत अशा एकूण २०,४५६ संख्या आहेत. सुरुवातीला त्या वाढत जातात : एक आकडी ९, दोन आकडी ४५, तीन आकडी १५०. सर्वांत जास्त नऊ आकडी, २४९२. आणि दहा आकडी? पुन्हा बरोबर २४९२. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा छपाईची चूक वाटली. मग कपाळावर हात मारला. प्रत्येक नऊ आकडी संख्येपुढे ० आणि फक्त ० लावता येतो, म्हणजे एकीची एकच होणार! अकराव्या घरापासून उतरण लागते, कारण लावायला आकडे दहाच आणि ११ ने भागल्यावरच्या बाक्या अकरा. कुणाच्या तरी नशिबी आकडा येतच नाही. पुढे पुढे ही टंचाई वाढत जाते, बावीस आकड्यांत १२, तेवीसमध्ये ६, चोवीसमध्ये ३, पंचवीसमध्ये १.

ही कापरेकरांची संख्या का?

नाही. संख्येची गंमत म्हटली की आपल्याकडे कापरेकर आठवतात, ते बरोबरच आहे. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६), त्यांची संख्या ६१७४. चार आकडे घ्या, सगळे सारखे नकोत. मोठ्यात मोठी मांडणी करा, लहानात लहान वजा करा, आलेल्या उत्तराला पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येते आणि मग हलत नाही.

पण दोघांची गाठ घालून बघायला काय जातं? आपल्या संख्येवर कापरेकरांची रीत लावा. ९८७६५४३२१ − १२३४५६७८९ = ८६४१९७५३२. उत्तरात पुन्हा १ ते ९ सगळे आकडे एकेकदाच आले. म्हणजे पुढची वजाबाकीही तीच, उत्तरही तेच. चार आकड्यांना घरी पोचायला सात पायऱ्या लागू शकतात, ही एका पायरीत घरात. अर्थात यात ३८१६५४७२९ ची एकटीची मोठेपणाची गोष्ट नाही, १ ते ९ वापरलेल्या कुठल्याही संख्येचं हेच होतं.

शुभ आहे का? दुकानाच्या पाटीवर घालू का?

घाला, पाटी छान दिसेल. गिऱ्हाईक वाढणार नाही. मटक्यासाठी विचारणाऱ्यांना उत्तर देत नाही.

उपयोग काय हो याचा?

पैसे मिळवायला काही नाही. शिकवायला खूप आहे. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या पोरांना हे कोडं हमखास देतात. ३,६२,८८० संख्या आंधळेपणाने तपासायच्या, की आकडा लावत जायचा आणि अडलं तिथून एक पाऊल मागे यायचं, यातला फरक त्यांना इथं कळतो. भुलभुलैयात भिंत लागली की मागच्या वळणावर येतो, तसंच.

माझा उपयोग वेगळा होता. भाज्यतेच्या कसोट्या हा धडा वर्गात मेल्यासारखा जातो. 'खालील संख्यांना ४ ने भाग जातो का ते सांगा', मग दहा संख्या, मग जांभया. तेच वर्गाला हे कोडं दिलं की ४ ची कसोटी हत्यार होते. एके वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी, जी सहामाहीत कधी गणितात वर आली नव्हती, तिनं सहाव्या घराच्या २००-४०० ची गोष्ट स्वतःहून सांगितली. मी ती तोवर वेगळ्या, लांब रीतीने शिकवत होतो. त्यानंतर तिचीच रीत शिकवली, वर लिहिली आहे तीही तिचीच.

कन्नड आकड्यांत लिहिली तर काही बदलेल का?

काही नाही. आकड्याचं रूप बदललं तरी घर तेच राहतं.

घर बदललं तर मात्र सगळं बदलतं. आपण दहा-दहाचे गट करतो. सहा-सहाचे गट करणाऱ्यांच्या देशात (तिथं १० लिहिलं की आपले सहा) १ ते ५ हे आकडे आणि उत्तरं दोन : १४३२५ आणि ५४३२१. तिथं सरळ उतरती मांडणी चक्क पास होते! चार-चारच्या गटांत १२३ आणि ३२१. आठ-आठच्या गटांत उत्तरं तीन. डझनाने मोजणाऱ्यांना एकही नाही. आणि गट विषम संख्येचा असेल, सात-सातचा किंवा नऊ-नऊचा, तर उत्तर कधीच मिळत नाही, कारण सगळ्या आकड्यांची बेरीज शेवटच्या भागाकाराला पुरत नाही. सात-सातच्या गटात १ ते ६ ची बेरीज २१, तिला ६ ने भाग जायला हवा, जात नाही. संपलं.

दहाच्या गटात बरोबर एकच निघावी हा निव्वळ योग.

आणखी काही आहे का तिच्यात?

तीन-तीनचे गट पाडा : ३८१, ६५४, ७२९. बेरीज १७६४, म्हणजे ४२ चा वर्ग. शेवटचा गट ७२९ हा ९ चा घन आणि २७ चा वर्गही.

जादूचा चौकोन माहीत असेल, वरची ओळ ८-१-६, मधली ३-५-७, खालची ४-९-२, कुठूनही बेरीज १५. त्यात आपली संख्या बोटाने चाला. ३ वरून ८, मग १, मग ६, तिथून तिरकं ५, मग तिरकं ४. इथं एक उडी मारून ७, आणि पुन्हा शेजारी २, शेजारी ९. एक उडी सोडली तर सगळी वाट शेजाऱ्या-शेजाऱ्यांतून. यामागे कारण आहे असं मला वाटत नाही. तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आणि तिला १९ ने भाग जातो : १९ × २००८७०९१. हे कुणी मागितलं नव्हतं.

फळ्यावरची संख्या पुसली काय?

पुसली. पाण्याची पाळी बदलली, ती लिहायची होती. विसर्जनानंतर फळा पुन्हा मोकळा झाला तेव्हा मी २४३८१९५७६० लिहिलं. हिच्यातही ० ते ९ सगळे आकडे एकेकदा आहेत, पण हिचा स्वभाव वेगळा. कार्ड सरकवायचं नाही, पूर्ण संख्येला १ ते १८ कशानेही भागा, बाकी शून्य. १९ ने भागत बसू नका, तो जात नाही. तो जायचा पुसून टाकलेल्या संख्येला.